मेडिकलला ॲडमिट

क्लचबाईने न्हाणीघराचं दार आतून लावलं, नळ सोडला आणि मग फोन लावला. नळ अशासाठी, की बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये. पण घरातलं पाणी सकाळी बरोब्बर आठला जायचं, आणि तेव्हा आठला दोन मिनिटं कमी होती. एवढं एक तिच्या लक्षात राहिलं असतं, तर पुढचं महाभारत घडलंच नसतं.

क्लचबाई म्हणजे गाडी शिकवणारी बाई. एकवीस वर्षं ती शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, पायाखाली स्वतःचा जादा ब्रेक ठेवून, "घाबरू नका, मी आहे. क्लच... क्लच... अहो, क्लच!" असं म्हणत आली होती. तिचं खरं नाव लायसन्सवर होतं आणि तिथेच राहिलं होतं. वय चव्वेचाळीस वर्षं अकरा महिने. यातले अकरा महिने महत्त्वाचे. गावातल्या मेडिकल कॉलेजात दुसरा धंदा सोडून डॉक्टर व्हायला निघालेल्या मोठ्या माणसांसाठी दोन जागा होत्या, आणि वयाची अट होती पंचेचाळीस. गेल्या वर्षी बाई लेखी परीक्षेत आपटली होती. यंदा पास झाली होती. आता फक्त मंगळवारची मुलाखत उरली होती, आणि ती हुकली की जन्माची हुकली.

अभ्यास तिने गाडीत केला, एक शिकाऊ उतरून दुसरा चढेपर्यंतच्या वेळात. हाडांचा तक्ता सीटच्या कव्हरखाली, पुस्तकं जादा चाकाच्या खळग्यात. घरात कुणाला पत्ता नव्हता. कसा असणार? सहा वर्षांपूर्वी जेवताना ती सहज बोलून गेली होती, "मला खरं तर डॉक्टर व्हायचं होतं." त्यावर नवरा म्हणाला होता, "आणि मला पायलट!" मग मायलेक इतके हसले, इतके हसले, की सासूबाईंना ठसका लागला आणि त्यांची पाठ चोळावी लागली. पाठ क्लचबाईनेच चोळली. ते हसणं तिला फार लागलं होतं.

हे गुपित ठाऊक होतं फक्त बेकरीवालीला. बेकरीवाली ही तिची सगळ्यात जुनी शिकाऊ, गाडीच्या परीक्षेत चार वेळा नापास झालेली. चार वेळा नापास झालेल्या माणसाला कुणाचं स्वप्न हास्यास्पद वाटत नाही. तर आता फोनवर तीच होती.

"अगं, मुलाखतीचं पत्र आलं!" क्लचबाई नळाच्या आवाजात ओरडली. नेमकं त्याच क्षणी पाणी गेलं. नळाने एक ढेकर दिला आणि गप्प झाला. बाई आपल्या नादात बोलतच राहिली. "हो, मेडिकलला. मंगळवारी अकरा वाजता... ॲडमिट करून घेतलं तर ठीक, नाहीतर संपलंच म्हणायचं सगळं... पाच वर्षं गं. पाच वर्षं काढायची कशीतरी, मग सुटले मी!... छे छे, घरी नाही सांगितलं. कुठल्या तोंडाने सांगू? या वयात कुणाला होतं का असलं काही, तूच सांग... बरं, ठेवते. रडू नकोस, वेडे."

दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून सासूबाई आपल्या आंघोळीची वाट बघत उभ्या होत्या. भिंतीला कान असतात म्हणतात. सासूबाईंना दोन होते, आणि गुडघे सोडले तर शरीरात तेवढेच काय ते ठणठणीत होते.

सासूबाई आंघोळ न करताच निघाल्या आणि तडक मुलाच्या दुकानात गेल्या. मुलगा चष्मेवाला. तो एका गिऱ्हाइकाला "आता वरची ओळ वाचा" म्हणत होता.

"अरे, ती चालली!" सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

"कोण? कुठे?"

"तुझी बायको. मेडिकलला."

"मग जाऊ दे की. येताना माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या आणायला सांग."

"ते मेडिकल नव्हे रे! दुकानात कुणाला ॲडमिट करतात का, मेल्या? मोठ्या मेडिकलला! पाच वर्षं दिलीत तिला. पाच वर्षं काढायची कशीतरी, मग सुटले, असं म्हणत होती. स्वतःच्या कानांनी ऐकलं मी!"

नवऱ्याच्या हातातली काच खाली पडून फुटली. गिऱ्हाईक भलं होतं. त्याने न सांगता खालची ओळ वाचली आणि हळूच निघून गेलं.

सासूबाईंना दुःख झालं, अगदी खरं दुःख झालं. पण त्यात एक बारीकसा कडवटपणाही होता. त्या घरात आजारपण हा आजवर त्यांचा प्रांत होता. पित्त त्यांचं, चक्कर त्यांची, गुडघे त्यांचे, शिवाय 'आतून कसंतरीच होतंय' हेही त्यांचंच. तीस वर्षं खपून त्यांनी एवढं उभं केलं होतं, आणि कधी साधं शिंकलीसुद्धा नव्हती ती सून एका फटक्यात पुढे निघून गेली होती. "बघ ना," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्याआधी!"

मायलेकांचं ठरलं, की आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही. पण कळू न देण्याचीही एक रीत असते, ती या दोघांना कुठून असणार? रविवारी सकाळी क्लचबाईला बिछान्यात चहा मिळाला. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. चहा करणाऱ्याने साखर विसरून मीठ टाकलं होतं, पण भावना गोड होती. दुपारी नवऱ्याने भांडी घासली आणि घासता घासता मोठ्याने नाक ओढलं. सासूबाईंनी आपली गरम पाण्याची पिशवी, जिला घरात कुणी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती, ती स्वतः आणून सुनेच्या पायाशी ठेवली.

"आई, मला कशाला? तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं काय एवढं," सासूबाई खोल आवाजात म्हणाल्या, "गुडघ्यांनी कुणी जात नाही."

क्लचबाई काही बावळट नव्हती. तिने मनाशी ताडलं, यांना पत्र सापडलेलं दिसतंय. यांना कळलंय, आणि हे हसत नाहीयेत. उलट किती करताहेत माझ्यासाठी! उगाच मी दीड वर्ष यांच्याबद्दल वाईट विचार केला. तिलाही भरून आलं. घरात तीन माणसं, तिघं तीन खोल्यांत डोळे पुसत होती, आणि कुणीही कुणाला 'काय झालं' म्हणून विचारत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी चहाच्या वेळी नवऱ्याचा बांध फुटला.

"आम्हाला कळलंय," तो म्हणाला.

क्लचबाईने कप बशीत ठेवला. "पत्र बघितलंत?"

"आईने ऐकलं. फोनवर बोलत होतीस ते."

"आणि... हसू नाही आलं तुम्हाला?"

"हसू? अगं, आम्ही काय राक्षस आहोत?"

"नाही, म्हणजे या वयात..."

"वयाचं काय," सासूबाई म्हणाल्या, "हे काय वय बघून होतं का?"

"हेच! हेच मी म्हणत होते!" क्लचबाईने त्यांचा हात घट्ट धरला. "दीड वर्ष मी हे मनात ठेवलं, आई. सगळं गाडीतच उरकायचे. कुणाला दिसू नये म्हणून सीटखाली लपवायचे."

सीटखाली काय लपवलं असेल याचं एक भयंकर चित्र नवऱ्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्याने घाईने चहाचा घोट घेतला. "आपण आणखी कुणाला दाखवू या का? दुसरं मत?"

"आता कशाला? उद्या काय ते सांगतीलच. घेतलं ॲडमिट करून तर पाच वर्षं, बघता बघता जातील!"

"असं नको गं बोलूस!"

"अहो, पाच म्हणजे काहीच नाही. फक्त पहिलं वर्ष कठीण, म्हणतात. पहिल्याच वर्षी शरीर फाडायला घेतात. पण मला नाही भीती वाटत. आणि शेवटी काय हो, आपला देह चार लोकांच्या उपयोगी पडला म्हणजे झालं."

नवऱ्याने आईकडे बघून ओठ हलवले, "देहदान." सासूबाईंनी रुमाल तोंडात कोंबला. "उद्या आम्ही दोघंही येणार तुझ्याबरोबर," त्या रुमालातून म्हणाल्या. क्लचबाईने दोघांना मिठी मारली. इतकी सुखी ती लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हती.

मंगळवारी सकाळी नवरा म्हणाला, "आज गाडी मी चालवणार. तू नुसती बस."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. क्लचबाईने एकवीस वर्षांत हजारभर माणसांना गाडी शिकवली. शिकला नाही तो फक्त नवरा. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. अठरा वर्षं तो शिकाऊच होता, आणि त्याला उजवीकडे वळता यायचं नाही. समोरून गाड्या येत असताना मधे घुसायचं, या कल्पनेनेच त्याचे हात गार पडत. त्यामुळे उजवीकडे जायचं असेल तर तो तीनदा डावीकडे वळे आणि फिरून तिथेच येई. शिकाऊची लाल पाटी लावलेली गाडी त्या दिवशी अशीच, प्रत्येक चौकात प्रदक्षिणा घालत, मेडिकलच्या फाटकातून आत शिरली. आत शिरल्यावर उजवीकडे कॉलेज, डावीकडे रुग्णालय. लोक दोन्हीला मिळून मेडिकलच म्हणत.

"उजवीकडे," क्लचबाई म्हणाली.

नवरा डावीकडे वळला. तिला वाटलं, बिचाऱ्याची जुनीच खोड. असू दे, दोन इमारतींत अंतर ते कितीसं. शिवाय पत्रात 'मुलाखतीपूर्वी साडेनऊ वाजता वैद्यकीय तपासणी' असं लिहिलं होतं, आणि तपासणी म्हटल्यावर ती रुग्णालयातच होणार. तिने विश्वासाने जादा ब्रेकवरचा पाय काढला.

खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "काय?"

"ॲडमिशन," नवरा आणि बायको एकदमच म्हणाले.

"कुणाची?"

नवऱ्याने बायकोकडे बोट केलं.

"तक्रार?"

"पाच वर्षं," नवरा कसाबसा म्हणाला.

कारकुनाने 'जुना आजार' असं लिहिलं. "आधीचे कागद?"

क्लचबाईने अभिमानाने आपली फाइल पुढे केली. गुणपत्रिका होती, परीक्षेचा निकाल होता. कारकुनाने ती न उघडताच नव्या कागदाला टाचली. "निरीक्षणासाठी दाखल. दुसरा मजला, बेड चौदा."

"निरीक्षणसुद्धा करतात!" क्लचबाई नवऱ्याच्या कानात म्हणाली. "फार कडक आहे हो इथली पद्धत. उगाच नाही नाव एवढं."

मग जे व्हायचं ते झालं. तिच्या मनगटाला चौदा नंबरचा पट्टा बांधला. तिची खास मुलाखतीसाठी इस्त्री केलेली निळी साडी काढून घेतली आणि पाठीमागे नाड्या असलेला हिरवा झगा दिला. साडी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली घेऊन मोठ्या सिस्टर चहाला गेल्या. रक्त घेतलं, लघवी घेतली, छातीला वायरी लावून आलेख काढला. क्लचबाईने प्रत्येक ठिकाणी हसून "थँक्यू" म्हटलं. न जाणो, याचेही मार्क असायचे.

सासूबाई शेजारच्या स्टुलावर बसून हे सगळं अधाशीपणे बघत होत्या. "मला कधी एवढ्या वायरी नाही लावल्या," त्या मुलाला म्हणाल्या, "मला नुसतं 'फिरायला जात जा' म्हणतात."

साडेदहाच्या सुमाराला तरुण डॉक्टर आले. खाली मान घालून त्यांनी पेन उघडलं. क्लचबाई ताठ बसली. हीच मुलाखत असणार, तिला वाटलं, अर्धा तास आधीच घेताहेत.

"काय त्रास होतो?" डॉक्टरांनी कागदाला विचारलं.

"त्रास म्हणजे, बघवत नाही हो."

"दोन्ही डोळ्यांनी?"

"नाही, लोकांचे हाल बघवत नाहीत."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"मग इतके दिवस का नाही आलात?"

"घरच्यांनी मनावर घेतलं नाही. आणि मीही भिडेपोटी गप्प बसले."

"बरं. सध्या नक्की काय वाटतंय?"

क्लचबाईने छातीभर श्वास घेतला. "मी डॉक्टर होणार, असं वाटतंय."

पेन थांबलं. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली, पण तिच्याकडे नाही, नवऱ्याकडे. "हे असं घरीही बोलतात का?"

"डॉक्टर?" नवरा गोंधळला. "नाही हो. ती गाडी शिकवते."

डॉक्टरांनी 'हं' केलं आणि पुटपुटत सावकाश लिहिलं, 'आपण डॉक्टर होणार असा ठाम समज. नातेवाइकांचा दुजोरा नाही.' मग ते "वरिष्ठांना विचारून येतो" म्हणाले आणि जरा जास्तच मऊ पावलांनी निघून गेले.

क्लचबाई नवऱ्याकडे वळली. "दुजोरा नाही? अहो, काल तर म्हणालात आम्हाला सगळं कळलंय!"

"कळलंय ना. तुझा आजार."

"कसला आजार?"

"पाच वर्षांचा! मेडिकलला ॲडमिट... मग सुटले... तूच म्हणालीस ना फोनवर?"

"अहो, शिक्षण! शिक्षण पाच वर्षांचं! डॉक्टरकीचं! मेडिकल कॉलेजला ॲडमिशन! अकरा वाजता मुलाखत आहे माझी, समोरच्या इमारतीत!"

नवऱ्याच्या खांद्यांना एक हिसका बसला. दुसरा बसला. आणि तो हसायला लागला. पोट धरून, पलंगाच्या दांडीवर डोकं टेकून हसायला लागला.

क्लचबाईचा चेहरा उतरला. "हसा," ती म्हणाली, "मला माहीतच होतं. म्हणूनच नव्हतं सांगितलं."

"अगं, तुला नाही हसत!" नवऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तू मरत नाहीयेस! तीन दिवस झाले, मी रोज मनात तुला... ते जाऊ दे. तू मरत नाहीयेस ना? मग डॉक्टर हो. पायलट हो. काय वाट्टेल ते हो!" त्याने झग्याच्या बाहीने, तिच्याच झग्याच्या, नाक पुसलं. "त्या दिवशी जेवताना हसलो होतो ना मी? गाढव होतो."

सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अकराला दहा कमी आहेत. तुमचं रडणं घरी जाऊन करा."

पण निघायचं कसं? सिस्टरने दारातच अडवलं. "चौदा नंबर, डिस्चार्जशिवाय नाही जाता येणार."

"मग द्या डिस्चार्ज."

"मोठ्या डॉक्टरांची सही लागते. ते चारला येतात."

"माझी साडी तरी द्या."

"किल्ली मोठ्या सिस्टरकडे. त्या चहाला गेल्यात."

सिस्टर पुढच्या बेडकडे वळल्या आणि सासूबाई उठल्या. गुडघ्यांचा कुठलाही आवाज न होता उठल्या. "उतर खाली," त्यांनी सुनेला फर्मावलं, आणि स्वतः पलंगावर चढून चादर डोक्यावरून ओढून घेतली. "बेड भरलेला दिसला की झालं," चादरीतून आवाज आला. "तीस वर्षं तयारी केली आहे मी याची. जा तुम्ही!"

दाराशी एक चाकाची खुर्ची रिकामी उभी होती. झगा मागून उघडा पडत होता, म्हणून क्लचबाईला पाठ टेकून बसणंच भाग होतं. ती बसली, नवऱ्याने मागून दांड्या धरल्या आणि सुसाट निघाला. "बाजूला व्हा, पेशंट आहे!" म्हणून तो ओरडे, की लोक आपोआप वाट देत. लिफ्टने खाली आले, दारातून बाहेर पडले, फाटकासमोरच्या रस्त्याशी पोचले. डावीकडे गेलं तर मागचं आवार, कपडे धुण्याचा विभाग आणि पूर्ण फेरा. कॉलेज उजवीकडे. समोरून एक रुग्णवाहिका, दोन मोटारी आणि दुधाचा टेंपो. अकराला चार मिनिटं कमी.

नवऱ्याचे हात गार पडले. "मी डावीकडून फिरून..."

"नाही," क्लचबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला. तो एकवीस वर्षांचा, शेजारच्या सीटवरचा आवाज होता. "घाबरू नका, मी आहे. समोर बघा. रुग्णवाहिका जाऊ द्या. टेंपो लांब आहे. आता... आता... वळा!"

आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा तो उजवीकडे वळला. टेंपोवाल्याने हॉर्न दिला, नवऱ्याने आनंदाने त्याला हात केला.

मुलाखतीच्या खोलीत तिघंजण बसले होते. मधे पांढऱ्या केसांच्या मॅडम, एका बाजूला एक उंच सर, दुसऱ्या बाजूला एक झोप आवरणारे सर. दार उघडून हिरव्या झग्यातली बाई खुर्चीवरून आत आली, तसे उंच सर म्हणाले, "बाई, वॉर्ड समोरच्या इमारतीत."

"तिथूनच आले," क्लचबाई धापा टाकत म्हणाली. खरं तर धापा नवरा टाकत होता. "मी अकराची उमेदवार."

झोप आवरणाऱ्या सरांची झोप उडाली. उंच सरांनी यादी बघितली. "तुमची साडेनऊची वैद्यकीय तपासणी राहिलेली दिसते."

"झाली आहे, सर. रक्त, लघवी, छातीचा आलेख, सगळं. थोडी जास्तच झाली."

मॅडमनी चष्मा काढला. "वय चव्वेचाळीस. मला एक सांगा, पेशंटला काय हवं असतं?"

या प्रश्नाचं उत्तर क्लचबाईने पाठ केलं होतं. त्यात 'सहानुभूती' हा शब्द तीन वेळा आणि 'सेवाभाव' दोन वेळा होता. तिने तोंड उघडलं आणि त्यातला एकही शब्द आठवेना. मनगटावरचा पट्टा तेवढा दिसत होता.

"मॅडम," ती म्हणाली, "साडेनऊपासून मी पेशंट आहे. चुकून. चौघांनी मला हात लावला, सगळे चांगले होते, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पण सगळ्यांनी मला चौदा नंबर म्हटलं. एका डॉक्टरांनी विचारलं काय होतंय, पण कागदाकडे बघून विचारलं. कुणी एकाने जरी माझ्याकडे बघून म्हटलं असतं, की बाई, तुम्ही इथे का आलात, तर मी पाच मिनिटांत बाहेर पडले असते." ती थांबली. "त्यांना तरी काय नावं ठेवू? माझ्या घरचे तीन दिवस माझ्यासाठी रडत होते, आणि मला वाटत होतं त्यांना आनंद झालाय. मी तरी कुठे विचारलं? गाडीत नवीन माणूस बसला की मी आधी किल्ली देत नाही. आधी विचारते, भीती कशाची वाटते? कुणाला ट्रकची वाटते, कुणाला चढाची, यांना," तिने मागे अंगठा केला, "उजवीकडची. ते कळल्याशिवाय शिकवता येत नाही. तेवढं मला येतं, मॅडम. बाकीचं पाच वर्षांत शिकेन."

मॅडमनी चष्मा परत लावला आणि काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "या तुम्ही." दार लागता लागता आतून तिघांच्या हसण्याचा आवाज आला. आता हे हसणं कोणतं, हे काही क्लचबाईला कळेना.

परत वॉर्डात आले तर बेड चौदाभोवती तीन डॉक्टर. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि पित्ताकडून चकरेकडे आल्या होत्या. तरुण डॉक्टर हातातला कागद उलटसुलट करत म्हणत होते, "पण आजी, इथे वय चव्वेचाळीस लिहिलंय."

"दुखण्याने माणूस थकतं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना तिथून उठवताना सगळ्यांना घाम फुटला. साडी मिळाली आणि खळबळ उडायच्या आत तिघं सटकले. घरी येईपर्यंत सासूबाई एकच पालुपद घोळवत होत्या. "सगळं नॉर्मल म्हणे! मशीनच बिघडलंय त्यांचं."

बाराव्या दिवशी दोन पत्रं एकदम आली. पहिलं कॉलेजचं. क्लचबाईने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग बेकरीवालीला फोन लावला आणि नुसतीच रडली. बेकरीवालीही रडली. नवऱ्याने ते पत्र दुकानात नेऊन गिऱ्हाइकांना वरची ओळ, खालची ओळ, सगळं वाचायला लावलं. सासूबाईंनी खिडकीत उभं राहून शेजारणीला सांगितलं, "आमची सून मेडिकलला ॲडमिट झाली!" शेजारीण "अरेरे, किती दिवस?" म्हणाली, तर या फुशारकीने म्हणाल्या, "चांगली पाच वर्षं!"

दुसरं पत्र रुग्णालयाचं. बेड चौदाचा रुग्ण न सांगता निघून गेला असून रजिस्टरमध्ये तो अजून दाखल आहे, तरी येऊन डिस्चार्ज घ्यावा.

क्लचबाई गेली. तरुण डॉक्टरांनी तो जुना कागद काढला आणि खाली मान घालून वाचला, 'आपण डॉक्टर होणार असा ठाम समज.' तिने कॉलेजचं पत्र त्या कागदावर ठेवलं. ते त्यांनी वाचलं. परत वाचलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, "बसा ना. तुमचं नाव विचारायचं राहिलंच माझं."

तिने नाव सांगितलं. ते त्यांनी डिस्चार्ज कार्डावर नीट अक्षरात लिहिलं. मग रुग्णाच्या स्थितीपुढच्या तीन चौकोनांवर, 'बरा', 'सुधारणा', 'सुधारणा नाही', पेन जरा फिरवलं, तिसऱ्यावर खूण केली, खाली एक ओळ लिहिली आणि हसत कार्ड तिच्या हातात दिलं.

खाली नवरा गाडीत वाट बघत होता. कार्ड हातात घेऊन त्याने वाचलं, 'सुधारणा नाही. पाच वर्षं दाखल ठेवावे,' आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, हे काय? सुधारणा नाही म्हणजे?"

क्लचबाई शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि जादा ब्रेकवर पाय ठेवला.

"गाडी काढा, सांगते," ती म्हणाली. "कॉलेजात पैसे भरायचेत. उजवीकडे घ्या."